सर्दी म्हणून नोंदलेले दुखणे

नाकाच्या दुखण्याला घरात दुखण्याचा मान सहसा मिळत नाही. ताप चढला की थर्मामीटर शोधला जातो, छातीत कळ आली की तत्काळ गाडी काढली जाते. नाक चोंदले असेल तर मात्र रात्री वाफारा, भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी, सुंठेचा काढा, आणि फार झाले तर औषधांच्या दुकानातून आणलेली थेंबांची बाटली, एवढ्यावर विषय संपतो. साध्या पडशाला हे उपचार पुरेसे असतात. ते आठ-दहा दिवसांत आपल्या वाटेने निघून जाते आणि श्रेय काढ्याला मिळते. त्यात कोणाचे नुकसान नाही. नुकसान होते ते पडसे जात नाही तेव्हा. दहा दिवसांचे दोन महिने होतात, दोन महिन्यांची दोन वर्षे होतात आणि घरातील माणसे त्या व्यक्तीला ‘तिला सर्दीचा कोठाच आहे’ असे म्हणून मोकळी होतात. एकदा असा शिक्का बसला की पुढे नाकात काहीही घडले तरी ते सर्दीच्याच खात्यावर जमा होत राहते.

जुनाट सर्दीच्या बहुतेक रुग्णांत कारण नेहमीचेच निघते. धुळीची किंवा मसाल्याच्या भुकटीची अॅलर्जी, नाकाचा वाकडा पडदा, नाकातील कोंब, किंवा सायनसची सूज. मिरची, हळद, धान्य आणि कापूस यांच्या व्यापारात दिवस काढणाऱ्या घरांना यांतील पहिले कारण वेगळे सांगण्याचे प्रयोजन नाही. ज्यांना तपकिरीची सवय आहे त्यांच्या नाकाचे अस्तर तर कायमच चिडलेले असते. त्यांची तक्रार कोणती नवी आणि कोणती तपकिरीची, हे त्यांनाही कळत नाही. परंतु या गर्दीत क्वचित एखादा रुग्ण असा असतो की, त्याच्या नाकात एखादा विरळा जिवाणू वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला असतो. तो ओळखणे कठीण जाते याचे कारण तो फार गूढ असतो असे नव्हे. त्याची आठवण कोणाला वेळेवर होत नाही, हे खरे कारण होय. जी नोट काउंटरवर वर्षातून एकदा येते तिच्यावरील खूण कितीही स्पष्ट असली, तरी मोजणाऱ्याची बोटे ती पुढे सरकवून देतात.

अशा विरळ्या दुखण्यांपैकी एकाची हकिगत विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण तो रोग भारतात आजही आढळतो. उत्तर आणि मध्य भारतात त्याचे रुग्ण अधिक दिसतात. त्याचे नाव ऱ्हायनोस्क्लेरोमा. ग्रीक भाषेत ‘ऱ्हिस’ म्हणजे नाक आणि ‘स्क्लेरोस’ म्हणजे कठीण. नाक टणक करणारा आजार, एवढाच त्या भारदस्त नावाचा अर्थ. १८७० साली व्हिएन्नातील त्वचारोगांचे विख्यात प्राध्यापक फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी त्याचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. त्यांच्यापुढे आलेल्या रुग्णांची नाके रुंद आणि टणक झालेली होती, आणि विशेष म्हणजे त्यांत वेदना नव्हती. हेब्रा यांनी हा एक प्रकारचा अर्बुद, म्हणजे गाठीचा रोग, ठरवला. निरीक्षण अचूक होते, निष्कर्ष मात्र चुकला. त्या काळात जिवाणूंमुळे रोग होतात ही कल्पनाच अद्याप रुजलेली नव्हती, हे लक्षात घेतले तर त्यांना दोष देता येत नाही.

पुढचा धागा यान मिकुलिच यांनी पकडला. ते व्हिएन्नात थिओडोर बिलरोट या महान शल्यविशारदाच्या हाताखाली तयार झालेले तरुण होते. या रोगाने ग्रासलेल्या नाकाचा तुकडा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा त्यांना मोठमोठ्या, फुगलेल्या, आतून फेसाळ दिसणाऱ्या पेशी आढळल्या. या पेशींना आजही मिकुलिच पेशी म्हणतात. हेच मिकुलिच पुढे १८९७ साली ब्रेस्लाउ येथे तोंडावर जाळीदार कापडाचा मुखपट्टा बांधून शस्त्रक्रिया करू लागले. शस्त्रक्रियागृहातील मास्कच्या इतिहासात त्यांचे नाव अगदी आरंभी येते. २०२० नंतर प्रत्येक घराच्या खुंटीवर जो मास्क लटकत होता, त्याचा एक पूर्वज या नाकाच्या डॉक्टरापर्यंत जाऊन पोहोचतो, हे थोडे विषयांतर झाले. पण गमतीचे आहे.

१८८२ हे वर्ष या हकिगतीत निर्णायक ठरले. त्याच वर्षी रोबर्ट कोख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जिवाणू जगापुढे आणला आणि व्हिएन्नात अंतोन फॉन फ्रिश यांना ऱ्हायनोस्क्लेरोमाच्या पेशींत आखूड, जाडसर जिवाणू दिसले. (मधमाश्यांच्या नृत्याची भाषा उलगडून १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे कार्ल फॉन फ्रिश हे त्यांचेच चिरंजीव.) हेब्रा यांना जी गाठ वाटली होती ती प्रत्यक्षात एका जिवाणूने पेटत ठेवलेली, वर्षानुवर्षे धुमसणारी सूज होती. आज तो जिवाणू क्लेब्सिएला न्यूमोनिये या परिचित जातीची उपजात मानला जातो आणि त्याच्या नावात ऱ्हायनोस्क्लेरोमॅटिस असा शब्द जोडला जातो. मिकुलिच पेशी म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशीच होत. त्या जिवाणूला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग तो त्यांच्या पोटातच सुखाने राहतो. हा रोग इतका चिवट का आणि त्याला औषध इतके दीर्घकाळ का द्यावे लागते, याचे मर्म या एका गोष्टीत आहे.

रोगाची चाल मंद असते आणि वैद्यकाच्या ग्रंथांत तिच्या तीन अवस्था सांगितल्या जातात. पहिल्या अवस्थेत नाकातून घट्ट, दुर्गंधी स्राव येतो, खपल्या धरतात, नाक चोंदते. या टप्प्यावर तिच्यात आणि हट्टी सर्दीत बाहेरून फरक करणे जवळजवळ अशक्य असते. दुसऱ्या अवस्थेत नाकाच्या आत, बहुधा पुढच्या भागात, निळसर-लाल मांसल गाठी वाढू लागतात. नाकाचा शेंडा आणि नाकपुड्या रुंदावतात, मधूनमधून रक्त येते, वास कळेनासा होतो, आवाज बदलतो. तिसऱ्या अवस्थेत त्या गाठींच्या जागी टणक व्रणऊती तयार होते, मार्ग आक्रसतो आणि नाकाचा आकार कायमचा बिघडतो. या सर्व काळात वेदना जवळजवळ नसते, आणि वेदना नसलेल्या दुखण्याला आपल्या समाजात दाद मिळत नाही.

यापेक्षा अधिक चिंतेची गोष्ट म्हणजे हा रोग नाकापुरता थांबेलच असे नाही. काही रुग्णांत तो घशात, स्वरयंत्रात आणि श्वासनलिकेत उतरतो. तेथे व्रणऊतीने मार्ग अरुंद केला तर घसा बसतो, जिना चढताना श्वासाला शिटीसारखा आवाज येतो आणि प्रकरण जिवावर बेतू शकते. तेव्हा ‘नाकाचेच तर आहे’ हे वाक्य घरात उच्चारण्यापूर्वी थोडे थांबलेले बरे.

कल्पनेसाठी एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. बाजारपेठेतील वडिलोपार्जित दुकान, वर बिऱ्हाड, खाली गोदाम, एकत्र कुटुंब. घरातील बावीस-तेवीस वर्षांची मुलगी बी. कॉम. होऊन दुकानाच्या जीएसटीचे काम पाहते. दोन वर्षांपासून तिचे नाक चोंदलेले, पहाटे खपल्या निघतात, कधी रुमालाला रक्त लागते. तिच्या श्वासाला वास येतो, हे जवळ बसणाऱ्या प्रत्येकाला कळते. तिला स्वतःला कळत नाही, कारण तिची वासाची शक्तीच मंदावलेली आहे. घरात स्थळांची बोलणी चालू असतात. मोठी काकू तिला लवंग चघळायला देते, आई तिला पाहुण्यांपासून जरा दूर बसायला सांगते, आणि ‘असे का’ हा प्रश्न मुलीने विचारला तर विषय बदलला जातो. डॉक्टरांकडे जाणे टाळले जाते असे नाही. पण ते लग्नाचे ठरल्यानंतर, किंवा लग्न पार पडल्यानंतर, आणि शक्य तर परगावी. दरम्यान गल्लीच्या कोपऱ्यावरील दुकानातून पाच दिवसांच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या तीन-चार वेळा आणल्या जातात. प्रत्येक वेळी थोडा उतार पडतो, आणि तो थोडा उतारच सर्वांत घातक ठरतो; कारण त्यामुळे आणखी चार महिने निघून जातात. लाज वाटण्यासारखे या दुखण्यात काहीही नाही. कोंदट जागेत, दाटीने, दीर्घकाळ एकत्र राहणाऱ्यांत तो एकमेकांना लागतो असे मानले जाते, आणि तोही सहजासहजी नव्हे. तरुण वयातील माणसेच त्याला अधिक बळी पडतात.

आता निदानाकडे वळावे. अशा नाकासमोर बसलेल्या कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या मनात एकच नाव नसते, चार-पाच नावे असतात, आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो. म्हणून येथे घाई उपयोगाची नसते. एक शक्यता पीनस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुखण्याची असते. त्यात नाकातील अस्तर आणि आतील हाडे झिजतात, पोकळी उलट प्रशस्त होते, तरीही रुग्ण नाक चोंदल्याची तक्रार करतो, कारण हिरवट खपल्यांनी ती भरलेली असते आणि हवेचा स्पर्श जाणवत नाही. दुर्गंधी दुसऱ्यांना येते, रुग्णाला येत नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘पूतिनस्य’ या नावाने दुर्गंधी नाकाचे वर्णन आढळते. तक्रार किती जुनी आहे याचा तो पुरावा. पीनसाच्या रुग्णांत क्लेब्सिएलाचीच दुसरी उपजात पुष्कळदा सापडते. आपल्या देशात अशा दुर्लक्षित नाकात माशीने अंडी घालून किडे झाल्याची प्रकरणेही रुग्णालयांना अपरिचित नाहीत. हे वाचून अंगावर काटा येतो, परंतु म्हाताऱ्या, एकट्या राहणाऱ्या नातलगांच्या बाबतीत ही माहिती असलेली बरी.

दुसरी शक्यता क्षयाची. क्षय म्हणजे फुप्फुस हे समीकरण डोक्यात इतके पक्के आहे की, तो नाकातही होतो हे ऐकून लोक चकित होतात. तो बहुधा पडद्याच्या कूर्चेच्या भागाला धरतो. उपदंशाची जुनी अवस्था मात्र हाडाला धरते. पडद्याला पडलेले छिद्र कोठे आहे, यावरून अनुभवी डॉक्टर अर्धा तर्क करतात तो यामुळे. तिसरी शक्यता कुष्ठरोगाची, आणि या नावाने आजही घरात शांतता पसरते. कुष्ठाच्या एका प्रकारात नाकाचे अस्तर फार लवकर बिघडते. चोंदणे, खपल्या, रक्त ही लक्षणे हातापायांच्या बधिरतेआधीही दिसू शकतात. नॉर्वेतील बर्गन येथे आर्मौर हान्सेन यांनी १८७३ साली त्याचा जिवाणू दाखवून दिला, तरी आजतागायत तो प्रयोगशाळेतील कोणत्याही कृत्रिम माध्यमावर वाढवता आलेला नाही. म्हणून तेथे कल्चरची वाट पाहण्यात अर्थ नसतो. त्वचेच्या कापातून काढलेला द्रव रंगवून पाहणे आणि तुकड्याची तपासणी हीच साधने. औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. नाव घेण्याची भीती रोगापेक्षा मोठी ठरावी, ही या बाबतीतील खरी शोकांतिका होय.

याखेरीज जिवाणू नसलेले सोबतीही आहेत. तळ्यात पोहणाऱ्यांच्या नाकात स्ट्रॉबेरीसारखा लाल, सहज रक्त येणारा कोंब वाढतो, तो ऱ्हायनोस्पोरिडियोसिस. त्याचा कर्ता पूर्वी बुरशी समजला जाई, नंतर तो वेगळ्याच सूक्ष्मजीवकुळातला निघाला. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्राने ज्याचा धसका घेतला तो म्युकर ही बुरशीच. पण तिची चाल दिवसांची असते, महिन्यांची नव्हे. मधुमेही माणसाच्या गालाला अचानक सूज, डोळ्याभोवती दुखणे, दोन-दोन प्रतिमा दिसणे, नाकात किंवा टाळूवर काळा डाग, असे काही दिसले तर पुढील तारीख घेऊन घरी परत येऊ नये. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. शिवाय काही कर्करोग आणि शरीर स्वतःवरच उलटल्याने होणारे विकारही याच वेषात येतात. म्हणजे ज्या तक्रारीला आपण सर्दी म्हटले तिच्यामागे कोण आहे हे बाहेरून पाहून कोणालाही सांगता येत नाही, मग तो कितीही निष्णात असो.

लहान मुलांच्या बाबतीत एक सोपी खूण उपयोगी पडते. एकाच नाकपुडीतून दुर्गंधी, घाण स्राव येत असेल तर आत काहीतरी अडकले आहे असे गृहीत धरून तपासावे. हरभरा, चिंचोका, मणी, खोडरबराचा तुकडा, असे काहीही असू शकते. खेळण्यातील किंवा रिमोटमधील चपटा सेल असेल तर मात्र तो तासांच्या हिशेबात आतील अस्तर जाळतो, म्हणून सकाळची वाट पाहू नये आणि घरी चिमट्याने ओढण्याचा उद्योग करू नये. प्रौढ किंवा वृद्ध व्यक्तीत एकाच बाजूने रक्तमिश्रित स्राव येणे हेही दुर्बिणीतून पाहिल्याखेरीज सोडून देण्यासारखे नसते.

दुर्बिणीतून पाहणे ही निदानाची पहिली पायरी. पेन्सिलीपेक्षा बारीक नळी नाकात घालून डॉक्टर आतील प्रत्येक कोपरा पाहतात. बधिर करणारे औषध आधी लावलेले असल्याने त्रास सोसण्याजोगा असतो. सी. टी. स्कॅनने गाठींची व्याप्ती आणि हाडांची स्थिती कळते. तथापि स्कॅन ही सावली आहे. ती रोग किती पसरला हे सांगते, कोणता आहे हे सांगत नाही. ते सांगण्याचा अधिकार काढलेल्या तुकड्याला, म्हणजे बायॉप्सीला आहे. आणि येथेच घरातील मोठी माणसे अडून बसतात. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. नाकातील या दुखण्यांच्या बाबतीत त्याला आधार नाही. उलट तुकडा न काढता दिलेले औषध म्हणजे तारण न तपासता मंजूर केलेले कर्ज होय; परतफेड झाली तर नशिबाने.

पण तुकडा काढला म्हणजे काम झाले असेही नाही. तो कसा काढला, कोठून काढला आणि कशात ठेवला, यावर पुढचे सारे अवलंबून असते. वरवरच्या खपल्यांचा तुकडा पाठवला तर अहवाल येतो, ‘जुनाट सूज, विशिष्ट काही नाही’. हे वाक्य वाचून घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो. वस्तुतः त्याचा अर्थ ‘काही नाही’ असा नसून ‘या तुकड्यात काही सापडले नाही’ एवढाच असतो. तक्रार कायम असेल तर अधिक खोलून, दोन-तीन जागांहून पुन्हा तुकडे घ्यावे लागतात. ऱ्हायनोस्क्लेरोमात मिकुलिच पेशी दुसऱ्या अवस्थेत भरपूर असतात. पहिल्या आणि तिसऱ्या अवस्थेत त्या विरळ असल्याने निसटू शकतात. त्यांच्या सोबतीला गुलाबी चकचकीत गोळे दिसतात, त्यांना रसेल पिंड म्हणतात. एडिनबरोच्या विल्यम रसेल यांना १८९० साली हे गोळे म्हणजे कर्करोगाचा परोपजीवी वाटला होता. ते निघाले आपल्याच पेशींत साठलेली प्रथिने. सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ते आणि त्याचा अर्थ यांत किती अंतर पडू शकते, याची वैद्यकाच्या इतिहासात अशी उदाहरणे पुष्कळ आहेत.

दुसरी बाब भांड्याची. पेशींच्या तपासणीसाठी तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवतात, म्हणजे तो कुजत नाही. पण फॉर्मॅलिन जिवाणूलाही ठार करते. सगळेच तुकडे त्या एका बाटलीत गेले तर कल्चर करण्यासाठी जिवंत असे काही उरतच नाही. म्हणून एक भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, तत्काळ सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे, अशी विभागणी आधीच ठरवावी लागते. क्षयासाठी जनुकीय चाचणी करायची असेल तर तिच्यासाठीही हाच ताजा भाग लागतो. तुकडा काढण्यापूर्वी नातलगाने डॉक्टरांना नम्रपणे एवढेच विचारावे की, ‘कल्चरसाठी वेगळा नमुना पाठवणार आहात ना, डॉक्टरसाहेब?’ या प्रश्नाने कोणी रागावत नाही. रागावले तरी चालेल.

तिसरी बाब कागदाची. प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या फॉर्मवर पुष्कळदा ‘नाकातील गाठ’ एवढेच लिहिलेले असते. ही वाट चुकण्याची हमखास जागा होय. तपासणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णाला पाहिलेले नसते. त्यांच्यापुढे फक्त काच असते. दुखणे किती दिवसांचे, रुग्ण कोठे राहतो, आधी कोणती औषधे झाली, कोणत्या रोगाचा संशय आहे, हे लिहिलेले असेल तर ते नेहमीच्या रंगांबरोबर क्षयासाठी, कुष्ठासाठी, बुरशीसाठी आणि क्लेब्सिएलाच्या आवरणासाठी वेगळे रंग लावतात. चार ओळींचे हे काम न झाल्याने चार महिने जाऊ शकतात. सूक्ष्मजीवशास्त्र विभागालाही संशयाचे नाव कळलेले असावे. नाकाच्या नमुन्यात क्लेब्सिएला उगवला तर तो सामान्य समजून ‘महत्त्वाचा नाही’ असा शेरा बसण्याची शक्यता असते. ही उपजात नेहमीच्या क्लेब्सिएलाप्रमाणे दुग्धशर्करा सहसा आंबवत नाही, हा फरक शोधणाऱ्यालाच दिसतो. शिवाय ऱ्हायनोस्क्लेरोमाच्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांतच कल्चर सकारात्मक येते. ते सकारात्मक आले तर निदान पक्के होते. नकारात्मक आले तर रोग नाही असे मात्र सिद्ध होत नाही. तेव्हा पेशींचा अहवाल, कल्चर आणि प्रत्यक्ष तपासणी ही तिन्ही खाती एकमेकांशी पडताळून पाहावी लागतात.

या पडताळणीत सर्वांत मोठा घोटाळा करतात आधी घेतलेल्या अर्धवट गोळ्या. पाच दिवसांचे प्रतिजैविक जिवाणूला मारत नाही, पण कल्चरमध्ये उगवू देत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातील औषधे क्षयाच्या जिवाणूवरही थोडाफार परिणाम करतात. त्यामुळे क्षय झाकला जातो, बरा होत नाही. सूज उतरावी म्हणून दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी काही दिवस बरे वाटते आणि आतला संसर्ग फोफावतो. म्हणून जुनाट नाकाचा रुग्ण तज्ज्ञाकडे जाताना मागील दोन वर्षांत पोटात गेलेल्या प्रत्येक गोळीची नोंद घेऊन गेला पाहिजे, रिकामी पाकिटे असली तरी चालतील. औषधांचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांना १ मार्च २०१४ पासून लागू झालेली एच-वन अनुसूची ठाऊकच असेल. रिफाम्पिसिनसारखी क्षयाची औषधे आणि कित्येक प्रतिजैविके तिच्यात आहेत आणि त्यांच्या विक्रीची वेगळी वही तीन वर्षे जपावी लागते. ती वही अनेकांना सरकारी कटकट वाटते. शेजारच्या घरातील अशा एका मुलीची हकिगत ज्याने पाहिली असेल त्याला ती तशी वाटणार नाही.

अहवालाविषयी शंका असेल तर दुसरे मत घेता येते, आणि त्यासाठी पुन्हा तुकडा काढण्याची गरज नसते. तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेला असतो. तो ठोकळा आणि काचा प्रयोगशाळेकडे रीतसर अर्ज करून मागाव्यात आणि मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयातील विकृतिशास्त्र विभागाला दाखवाव्यात. पोच घ्यावी आणि ठोकळा परत जमा करावा.

ऱ्हायनोस्क्लेरोमाचे निदान झाले तर उपचार आहे. पूर्वी स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन वापरीत. आता सिप्रोफ्लॉक्सासिन आणि रिफाम्पिसिन यांवर अधिक भर असतो. सिप्रोफ्लॉक्सासिन पेशींच्या आत शिरून साठते, हा त्याचा येथे विशेष उपयोग. औषध आठवड्यांनी नव्हे, बहुधा महिन्यांनी मोजावे लागते. सिप्रोफ्लॉक्सासिन दूध, कॅल्शियम, लोह किंवा आम्लपित्ताच्या पातळ औषधाबरोबर घेतले तर ते नीट शोषले जात नाही. सकाळच्या दुधाच्या पेल्याबरोबर गोळी गिळण्याची सवय तेवढ्यापुरती मोडावी लागते. रिफाम्पिसिनने लघवी आणि घाम नारिंगी होतात. त्याने घाबरून गोळी बंद करू नये. गर्भधारणेची शक्यता असेल तर डॉक्टरांना ती आधी सांगावी. व्रणऊतीने मार्ग बंद झाला असेल तर शस्त्रक्रियेने तो मोकळा करता येतो, पण जिवाणू जिवंत असताना केलेली नुसती शस्त्रक्रिया टिकत नाही.

औषध संपल्यावर पुन्हा तुकडा तपासतात आणि त्यानंतरही काही वर्षे अधूनमधून दुर्बिणीने नाक आणि स्वरयंत्र पाहतात, कारण हा रोग उलटण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. एकत्र राहणाऱ्या घरात कोणाला तशीच लांबलेली ‘सर्दी’ असेल तर त्यांचीही तपासणी त्याच वेळी उरकून घेतलेली बरी. बिऱ्हाडाच्या मागल्या खोलीची खिडकी गोदामाच्या पोत्यांनी बंद झालेली असेल, तर तीही मोकळी करून घ्यावी.